ब्रुनेल्लो दि मोन्ताल्चिनो : बाटलीच्या गळ्यावरची पट्टी नेमके काय सांगते?

दिंडोरी परिसरात काही वर्षांपासून वाइनच्या द्राक्षांची बाग करणाऱ्या एका बागायतदारांनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मिलानला नोकरी करणाऱ्या त्यांच्या पुतण्याने त्यांना २०१९ सालच्या ब्रुनेल्लो दि मोन्ताल्चिनो या इटालियन लाल वाइनची एक बाटली आणून दिली. तिच्या गळ्यावर क्रमांक छापलेली सरकारी पट्टी आहे आणि लेबलावर डीओसीजीचा, म्हणजे इटलीतल्या उगमनामांच्या वरच्या दर्जाचा, उल्लेख आहे. पुतण्याचे म्हणणे असे की, त्याच उत्पादकाची, त्याच गावातल्या त्याच द्राक्षापासून केलेली ‘रोस्सो’ नावाची वाइन याहून पुष्कळच स्वस्त मिळते. मग ही पट्टी म्हणजे दर्जाची हमी समजायची काय, किमतीत एवढे अंतर पडावे असे त्या नियमांत आहे तरी काय, आणि असे नियम आपल्याकडे करता येतील काय, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी वीस वर्षांहून अधिक काळ वाइन बनवण्याच्या कामात आहे आणि त्यांपैकी काही हंगाम इटलीतल्या तोस्काना प्रांतातल्या तळघरांत काढलेले आहेत, म्हणून त्यांनाच उद्देशून प्रथम माझे मत सांगतो आणि नंतर त्याची कारणे. ती पट्टी वाइन चवीला उत्तम असल्याची हमी देत नाही. उत्पादकाने काय काय सोडून दिले, याची ती नोंद आहे. त्याने वेलीवरचे उत्पन्न सोडले, हाती आलेला माल विकण्याची वर्षे सोडली आणि हंगाम वाईट गेला असेल तर मोठे नावही सोडले. मोन्ताल्चिनोची नियमावली, म्हणजे इटालियन लोक जिला ‘दिशिप्लिनारे’ म्हणतात ती, या दृष्टीने वाचली की तिच्यातली कोरडी कलमेही समजू लागतात.

मोन्ताल्चिनो हे सिएना शहराच्या दक्षिणेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६४ मीटर उंचीवर वसलेले तटबंदीचे छोटे गाव आहे. ओम्ब्रोने, आस्सो आणि ओर्चा या नद्यांच्या मधल्या जवळजवळ चौकोनी टेकाडावर त्याची हद्द पसरलेली आहे. दक्षिणेला १,७३८ मीटर उंचीचा आमियाता पर्वत उभा असल्यामुळे त्या बाजूने येणारी वादळे आणि गारपीट बऱ्याच अंशी अडते. पाऊस वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो आणि तो मुख्यतः वसंतात व शरदात येतो. उत्तरेच्या उतारांवर द्राक्षे उशिरा पिकतात व वाइन अधिक ताठ आणि आम्ल होते. दक्षिणेला सांतांजेलो किंवा कास्तेल्नुओव्हो देल्लाबाते या वस्त्यांकडे ती लवकर पिकतात व वाइन भरदार होते. सुमारे २४,००० हेक्टरांच्या या हद्दीत द्राक्षबागा फक्त ३,५०० हेक्टरांवर आहेत, आणि त्यांतही ब्रुनेल्लोसाठी नोंदलेले क्षेत्र सुमारे २,१०० हेक्टर एवढेच आहे. उरलेल्या जमिनीपैकी बरीचशी रानाने व्यापलेली आहे आणि बाकीच्या ठिकाणी ऑलिव्हच्या बागा आणि गव्हाची शेते आहेत.

हद्दीविषयीची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. १ जानेवारी २०१७ रोजी शेजारची सान जोव्हान्नी दास्सो ही पालिका मोन्ताल्चिनोत विलीन झाली आणि नकाशावरची पालिका एकाएकी मोठी झाली. ब्रुनेल्लोची हद्द मात्र जुनीच राहिली. नव्या भागातल्या शेतकऱ्याचा पत्ता मोन्ताल्चिनोचा झाला, पण त्याच्या द्राक्षांना ते नाव मिळाले नाही.

आता द्राक्षाकडे वळू. नियम सांगतो की ब्रुनेल्लोत १०० टक्के सांजोवेझे हेच द्राक्ष असले पाहिजे. हे आज स्वाभाविक वाटते, पण तोस्कानाची जुनी रीत तशी नव्हती. शेजारच्या कियान्तीत सांजोवेझेला नरम करण्यासाठी कानायोलो हे दुसरे काळे द्राक्ष आणि माल्वाझियासारखी पांढरी द्राक्षे मिसळत असत. मोन्ताल्चिनोचे तर जुने नाव मोस्कादेल्लो या गोड पांढऱ्या वाइनसाठी होते. अशा गावात क्लेमेन्ते सान्ती या औषधशास्त्र जाणणाऱ्या गृहस्थांनी केलेल्या १८६५ च्या निवडक लाल वाइनला, जिच्या नावात ‘ब्रुनेल्लो’ हा शब्द होता, १८६९ मध्ये बक्षीस मिळाले. त्यांचे नातू फेर्रुच्चो बियोन्दी सान्ती यांनी आपल्या बागेतल्या चांगल्या सांजोवेझे वेली निवडून त्यांचीच लागवड वाढवली आणि दुसरे काहीही न मिसळता, मोठ्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे ठेवून वाइन केली. त्या घराण्याची १८८८ सालची बाटली ही आधुनिक ब्रुनेल्लोची सुरुवात मानली जाते. त्या काळी स्थानिक लोक ब्रुनेल्लो हे वेगळेच द्राक्ष समजत. सिएना प्रांताच्या द्राक्षजाती-समितीने १८७९ मध्ये निष्कर्ष काढला की ब्रुनेल्लो आणि सांजोवेझे एकच आहेत, आणि तेव्हापासून ब्रुनेल्लो हे द्राक्षाऐवजी वाइनचे नाव होत गेले.

बागायतदाराच्या दृष्टीने सांजोवेझे हे अवघड वाण आहे. ते उशिरा पिकते, त्याची साल पातळ असते, काढणीच्या तोंडावर पाऊस आला तर घड कुजतात, आणि वेलीवर भार जास्त ठेवला तर रंग व स्वाद दोन्ही पाण्यासारखे फिके होतात. रंग मुळातच कमी, आम्लता आणि टॅनिन हे सालीतले तुरट द्रव्य मात्र भरपूर. म्हणून तरुणपणी ही वाइन जिभेला खरखरीत लागते. नियमावलीतली बहुतेक कलमे या वाणाच्या स्वभावातूनच आलेली आहेत, ती कोण्या कार्यालयात बसून सुचलेली नाहीत.

उत्पन्नाची मर्यादा घ्या. हेक्टरी जास्तीत जास्त ८ टन द्राक्षे, आणि त्या द्राक्षांपासून जास्तीत जास्त ६८ टक्के वाइन. आपल्या हिशेबात हे एकरी सव्वातीन टनांच्याही आत येते. टेबल द्राक्षाच्या बागेत एकरी दहा टनांची भाषा करणाऱ्या माणसाला हा आकडा ऐकून धक्का बसेल. पण ८ टनांच्या पलीकडे या वाणाचे घड एकसारखे पिकत नाहीत, हे मी स्वतः तेथे पाहिले आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मणी रंग धरू लागले की मजूर ओळीओळीने फिरतात आणि मागे राहिलेले हिरवे घड कापून जमिनीवर टाकतात. पहिल्या वर्षी ते दृश्य पाहताना माझ्या पोटात कालवले होते. घड विरळणी आपणही करतो, पण चांगला दिसणारा माल मातीत पडताना बघण्याची सवय व्हायला वेळ लागतो. हेक्टरी ८ टनांतून ६८ टक्के म्हणजे ५,४४० लिटर, म्हणजे जेमतेम सव्वासात हजार बाटल्या. नियमाप्रमाणे वेलीला जोर देऊन उत्पन्न वाढवणारे उपाय निषिद्ध आहेत आणि पाणी द्यायचे ते केवळ वेल संकटात असताना. रसात साखर घालून मद्यांश वाढवणे तर इटलीच्या कायद्यातच बंद आहे. मद्यांश किमान १२.५ टक्के, एकूण आम्लता लिटरला किमान ५ ग्रॅम आणि पाणी व मद्यार्क सोडून उरणारा घन अंश लिटरला किमान २४ ग्रॅम, असेही आकडे आहेत. पण नीट केलेल्या बागेला ते सहज गाठता येतात, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाही.

किमतीतला फरक खऱ्या अर्थाने येथून पुढे सुरू होतो, तो काळाच्या कलमापाशी. ब्रुनेल्लो किमान दोन वर्षे ओकच्या लाकडात आणि त्यानंतर किमान चार महिने बाटलीत राहिली पाहिजे, रिझेर्व्हा, म्हणजे जास्त काळ मुरवलेली ब्रुनेल्लो, असेल तर सहा महिने. एवढ्यावर थांबत नाही. काढणीच्या सालानंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वी ती बाजारात आणताच येत नाही आणि रिझेर्व्हासाठी आणखी एक वर्ष थांबावे लागते. आपल्याकडे आलेल्या बाटलीतली द्राक्षे २०१९ च्या शरदात काढली गेली आणि ती बाटली १ जानेवारी २०२४ पासून विकण्याची मुभा मिळाली. १९६६ मध्ये डीओसीचा, म्हणजे डीओसीजीच्या खालच्या पायरीचा, दर्जा देताना केलेल्या पहिल्या नियमावलीत लाकडातला काळ चार वर्षांचा होता. तो टप्प्याटप्प्याने कमी करत १९९० च्या दशकात दोन वर्षांवर आणला गेला, कारण हलक्या हंगामाची वाइन चार वर्षे लाकडात ठेवली की तिच्यातला फळाचा स्वाद सुकून जातो. हा बदल मला योग्य वाटतो. एकूण थांबण्याचा काळ लांब ठेवून लाकडातला काळ उत्पादकाच्या निर्णयावर सोपवणे, हे वाइन समजणाऱ्या माणसांनी केलेले काम आहे.

आता याचा हिशेब शेतकऱ्याच्या वहीत मांडून पाहा. समजा एखाद्याची पाच हेक्टर बाग आहे आणि प्रत्येक वर्षी तो पूर्ण मर्यादेएवढी वाइन करतो. २०१९ ची पहिली बाटली विकण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ३१ डिसेंबर २०२३ रोजी, त्याच्या तळघरात २०१९, २०२०, २०२१, २०२२ आणि २०२३ अशा पाच हंगामांची वाइन पडून असते. हेक्टरी ५,४४० लिटर धरले तर पाच हेक्टरांची एका वर्षाची २७,२०० लिटर, आणि पाच वर्षांची १,३६,००० लिटर. यात लाकडातून उडून जाणारा भाग वेगळा, जो दर काही आठवड्यांनी पिंपे काठोकाठ भरून काढावा लागतो. छाटणीची, काढणीची मजुरी, पिंपांची किंमत, तळघराचे भाडे आणि कर्जाचे व्याज हे सगळे पाच वर्षे एकही रुपया हाती न येता भरायचे. बाटलीची किंमत चवीने ठरते असे आपण म्हणतो, पण ब्रुनेल्लोच्या किमतीतला मोठा भाग या थांबण्याचा आहे.

मग शेतकरी जगतो कसा? त्याचे उत्तर आपल्या पुतण्याने दाखवलेल्या रोस्सोत आहे, आणि माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेतला सर्वांत शहाणपणाचा भाग तोच आहे. रोस्सो दि मोन्ताल्चिनोला १९८३ मध्ये स्वतंत्र डीओसी मिळाली. तीही १०० टक्के सांजोवेझेचीच; मर्यादा हेक्टरी ९ टन; लाकडाची सक्ती नाही; आणि काढणीच्या पुढच्या वर्षी १ सप्टेंबरपासून विकता येते. ब्रुनेल्लोसाठी नोंदलेल्या बागेतली द्राक्षे उत्पादक रोस्सो म्हणून जाहीर करू शकतो, इतकेच नव्हे तर पिंपात मुरत असलेली ब्रुनेल्लोही खाली उतरवून रोस्सो म्हणून विकू शकतो. उलट दिशेने मात्र जाता येत नाही. जिन्याला उतरण्याची वाट आहे, चढण्याची नाही.

या जिन्यामुळे दोन गोष्टी साधतात. पहिली, शेतकऱ्याला वर्षभरातच काही पैसा हाती येतो. दुसरी अधिक मोलाची : वाईट हंगामात मोठे नाव राखण्यासाठी कोणाला दिवाळखोरीत जावे लागत नाही. २०१४ च्या उन्हाळ्यात मोन्ताल्चिनोत पाऊस थांबायला तयार नव्हता. अनेक उत्पादकांनी त्या वर्षीची बरीच द्राक्षे रोस्सोकडे वळवली, आणि ज्या बियोन्दी सान्ती घराण्यापासून ही वाइन सुरू झाली त्या नावाची २०१४ ची ब्रुनेल्लो बाजारात आलीच नाही. म्हणूनच मी म्हणतो की एखाद्या उत्पादकाची पारख करायची तर त्याची उत्तम वर्षाची ब्रुनेल्लो पिऊ नये; वाईट वर्षाची रोस्सो प्यावी. त्याने वरची द्राक्षे खाली उतरवली असतील तर ते त्या साध्या बाटलीत कळते.

डीओसीजी म्हणजे ‘देनोमिनात्सिओने दि ओरिजिने कोन्त्रोल्लाता ए गारान्तिता’, नियंत्रित आणि हमी दिलेले उगमनाम. इटलीत उगमनामांचा कायदा १९६३ चा. ब्रुनेल्लोला १९६६ मध्ये डीओसी आणि १९८० मध्ये डीओसीजी मिळाली, आणि हा वरचा दर्जा मिळालेल्या अगदी पहिल्या वाइनांत ती आहे. शेवटच्या ‘हमी’ या शब्दाचा प्रत्यक्ष अर्थ असा : बागेची नोंद असते, काढणीनंतर किती द्राक्षे आली ते जाहीर करावे लागते, प्रत्येक टाकीतल्या व पिंपातल्या वाइनचा हिशेब नोंदवहीत असतो, बाटलीत भरण्यापूर्वी नमुन्याची रासायनिक तपासणी होते आणि चाखणाऱ्यांची समिती ती वाइन त्या नावाला शोभते की नाही हे ठरवते. या साऱ्यातून पार पडलेल्या लिटरांच्या प्रमाणातच क्रमांकित पट्ट्या मिळतात, आणि त्या सरकारी टांकसाळीच्या छापखान्यात छापल्या जातात. बाटली मोन्ताल्चिनोच्या हद्दीतच भरावी लागते आणि तिचा आकारही ठरलेला आहे, सरळ खांद्यांची बोर्दो पद्धतीची. हद्दीत बाटली भरण्याची अट काहींना जाचक वाटते, परंतु टँकरमधून वाइन बाहेर गेली की तिच्यात पुढे काय मिसळले याचा माग ठेवणे अशक्य होते, हे या व्यवसायातल्या कोणालाही माहीत असते.

चाखणारी समिती दोष शोधते, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. वाइन आंबलेली आहे काय, ऑक्सिडेशन झाले आहे काय, सांजोवेझेचा स्वभाव तिच्यात दिसतो काय, हे ती पाहते. वाइन थोर आहे की सामान्य, हे ठरवणे तिचे काम नाही. म्हणून पट्टी असलेल्या दोन बाटल्यांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते आणि दोन्ही कायदेशीरच असतात.

नियम किती खरे पाळले जातात, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, कारण मोन्ताल्चिनोत तो एकदा उघड्यावर विचारला गेला. १९९० च्या दशकात जागतिक बाजाराला गडद रंगाच्या, मऊ, भरदार वाइनांची चटक लागली होती आणि सांजोवेझे स्वभावतःच फिकट व ताठ. २००८ च्या वसंतात बातमी आली की सिएनाच्या सरकारी वकिलांनी काही वाइनरींची चौकशी सुरू केली आहे. संशय असा होता की ब्रुनेल्लोत इतर द्राक्षे मिसळली गेली. साठे गोठवले गेले, अमेरिकेने ब्रुनेल्लो आयात करताना ती निव्वळ सांजोवेझेची असल्याचे प्रमाणपत्र मागितले, आणि बऱ्याच वाइनला पुढे ब्रुनेल्लो हे नाव सोडून साध्या ‘तोस्काना’ या नावाने विकावे लागले.

हे ओळखायचे कसे, याबद्दल तांत्रिक अंगाने थोडे लिहितो, कारण वाइन बनवणाऱ्याला ते उपयोगाचे आहे. लाल द्राक्षाच्या सालीतल्या अँथोसायनिन या रंगद्रव्यांचे अनेक प्रकार असतात. मेर्लो किंवा काबेर्ने सोव्हिन्यों यांत असायलेटेड नावाचे प्रकार भरपूर असतात; सांजोवेझेत ते नगण्य असतात. त्यामुळे तरुण वाइनमध्ये हे प्रकार लक्षणीय प्रमाणात सापडले तर दुसऱ्या द्राक्षाची भेसळ असल्याचा दाट संशय येतो. अडचण अशी की वाइन मुरत जाते तशी सुटी रंगद्रव्ये टॅनिनशी जोडली जाऊन नाहीशी होतात, आणि पाच वर्षांच्या बाटलीत हा पुरावा क्षीण झालेला असतो. तयार वाइनमधून डीएनए ओळखणेही सोपे नाही. प्रयोगशाळा मदत करते, पण खरी राखण नोंदवहीतून आणि बागेत उभे राहून वेली मोजण्यातूनच होते. हद्दीत मेर्लोच्या बागा असणे बेकायदेशीर नाही. त्यांची द्राक्षे कोठे गेली, हे कागदावर जुळले पाहिजे.

त्या प्रकरणाच्या मध्यभागी, ऑक्टोबर २००८ मध्ये, उत्पादक संघाच्या सदस्यांनी मतदान घेतले : नियम सैल करून थोडी इतर द्राक्षे चालवायची काय? ९६ टक्के मते निव्वळ सांजोवेझेच्या बाजूने पडली. २०११ मध्ये रोस्सोत इतर द्राक्षांना वाट देण्याचा प्रस्ताव आला, तोही सदस्यांनी मोठ्या बहुमताने फेटाळला. नियम मोडला गेला असता तो मऊ करण्याचा मोह अतिशय मोठा असतो आणि त्यासाठी दिली जाणारी कारणे नेहमी व्यवहारी वाटतात. तेथील लोकांनी तो मोह टाळला, याबद्दल मला मनापासून आदर आहे.

तरीही नियम म्हणजे देववाणी नव्हे, हे त्याच तोस्कानात शिकायला मिळते. कियान्तीच्या १९६७ च्या नियमावलीने लाल वाइनमध्ये १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे घालणे सक्तीचे केले होते. चांगली वाइन करू पाहणाऱ्यांना ती सक्ती गळफास वाटली. १९७० च्या दशकात तिन्यानेल्लोसारख्या वाइन नामांकनाबाहेर पडून साध्या ‘टेबल वाइन’च्या लेबलाखाली विकल्या गेल्या आणि नामांकित कियान्तीपेक्षा जास्त किंमत घेऊ लागल्या. कियान्ती क्लासिकोत तर २००६ च्या हंगामापासून पांढऱ्या द्राक्षांना पूर्ण बंदी आहे, म्हणजे जे एकेकाळी सक्तीचे होते ते आज निषिद्ध ठरले. ज्या नियमाचा आधार जमीन आणि वेल असतो तो टिकतो; ज्याचा आधार हातात असलेला फाजील माल खपवण्याची सोय असते तो उद्योगालाच बाहेर ढकलतो.

मोन्ताल्चिनोच्या नियमावलीवर माझाही एक आक्षेप आहे. उत्तरेच्या थंड उतारावरची आणि दक्षिणेच्या उष्ण पायथ्यावरची वाइन वेगळ्या स्वभावाची असते, पण अधिकृत उपविभाग अजून नाहीत. लेबलावर दोन्हीकडे एकच नाव. डीओसी मिळाली तेव्हा नोंदलेल्या बागा १०० हेक्टरांच्याही आत होत्या. त्या २,१०० हेक्टरांपर्यंत वाढत गेल्या तेव्हा चिकण मातीच्या सखल जागाही त्यांत आल्या, जेथे सांजोवेझेला पाय मोकळे ठेवता येत नाहीत. क्षेत्र गोठवले गेले हे बरे झाले, पण आतल्या आत कोणती जागा कशी, हे ग्राहकाला उत्पादकाच्या नावावरूनच ओळखावे लागते. नियम आणखी कितीतरी गोष्टींवर मुद्दाम मौन पाळतो. ओकचे पिंप ५,००० लिटरचे जुने स्लाव्होनियन असावे की २२५ लिटरचे नवे फ्रेंच, साली रसात किती दिवस ठेवायच्या, किण्वन सिमेंटच्या टाकीत करायचे की स्टीलच्या, हे सारे मोकळे आहे. हे मौन मला पसंत आहे. बनवणाऱ्याचा हात तेथे दिसतो.

आता आपल्याकडच्या प्रश्नाविषयी. सांजोवेझे महाराष्ट्रात आहेच. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात इटालियन आणि भारतीय भागीदारांच्या फ्रातेल्ली कंपनीने ते लावले, तोस्कानाचे अनुभवी वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांनी तेथे काम केले, आणि त्यांच्या ‘सेत्ते’ या वाइनमध्ये सांजोवेझे व काबेर्ने सोव्हिन्यों यांचे मिश्रण असते. ती आपल्या जागी चांगली वाइन आहे. ती ब्रुनेल्लो होऊ शकत नाही आणि तिने होऊही नये. फरक कायद्याच्या आधी ऋतूतच आहे. मोन्ताल्चिनोत वेल हिवाळ्यात झोपते, वर्षाला एकदाच छाटणी होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिवस थंड होत जात असताना द्राक्षे पिकतात. आपल्याकडे वेल कधी झोपतच नाही. आपण एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची फळछाटणी अशा दोन छाटण्या करून तिला वेळ नेमून देतो, आणि जानेवारी ते मार्चमध्ये हवा तापत जात असताना घड पिकतात. तेथे पिकताना आम्लता टिकून राहते. आपल्याकडे ती पडत जाते आणि साखर धावते. त्यामुळे त्यांच्या ८ टनांचा किंवा पाच वर्षांचा आकडा उचलून आपल्या कागदावर लिहिण्यात काही अर्थ नाही.

‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, म्हणजे नावाचे कुंपण आहे. त्या कुंपणाच्या आत नियम उभे करायचे असतील तर माझ्या अनुभवाने सुरुवात दोन ठिकाणांहून व्हावी. पहिले, द्राक्षे वजनावर विकत घेण्याची पद्धत. बागायतदाराला टनाला पैसे मिळत असतील तर उत्पन्न कमी ठेवण्याचा कोणताही नियम त्याच्या पोटावर येतो आणि तो मोडलाच जाईल. तेव्हा वाइनरीने एकराला ठराविक रक्कम द्यावी आणि किती घड ठेवायचे ते दोघांनी मिळून ठरवावे. दुसरे, वरचे नाव ठरवण्याआधी खालचे नाव ठरवावे. उतरण्यासाठी सन्मानाची पायरी नसेल तर अवकाळी पाऊस झालेल्या वर्षीही प्रत्येकजण मोठेच लेबल लावणार. आणि या दोन्हींसाठी तुकड्यातुकड्याच्या नोंदी लागतात : कोणत्या गटात कोणता वाण, छाटणी कोणत्या तारखेला, काढणीला ब्रिक्स (रसातली साखर) आणि आम्लता किती, वजन किती. आपण स्वतः उद्यापासून या नोंदी ठेवू लागलात तर दहा वर्षांनी नियम लिहिणाऱ्यांच्या हाती काहीतरी असेल. मोन्ताल्चिनोत फेर्रुच्चोच्या पहिल्या बाटलीपासून पहिल्या नियमावलीपर्यंत ७८ वर्षे गेली.

राहिली ती आपली बाटली. २०१९ हा हंगाम चांगला होता, त्यामुळे ती आणखी कित्येक वर्षे मुरू शकेल, पण दिंडोरीच्या एप्रिलमध्ये कपाटात नाही. १३ ते १५ अंश तापमानाची जागा किंवा वाइनचे शीतकपाट नसेल तर ती याच हिवाळ्यात उघडावी. उघडण्यापूर्वी दोन तास काचेच्या रुंद भांड्यात ओतून हवेशीर ठेवावी आणि सुमारे १८ अंशांवर प्यावी. आपल्या खोलीचे तापमान हे तेथील खोलीचे तापमान नव्हे, म्हणून आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायला संकोच करू नये. सोबत मंद आचेवर शिजवलेले मटण ठेवावे, तिखट मात्र हलके असावे, नाहीतर टॅनिन आणि मिरची यांचे भांडण होते. शक्य झाल्यास पुतण्याला त्याच उत्पादकाच्या रोस्सोची बाटली आणायला सांगावी आणि दोन्ही शेजारी शेजारी चाखाव्यात. रोस्सोत चेरीसारखे ताजे फळ आधी जाणवेल; ब्रुनेल्लोत तेच फळ सुकल्यासारखे, चामडे, तंबाखू आणि ओलसर माती यांच्या वासांत मिसळलेले असेल, आणि घोट गेल्यावरही हिरड्यांवर पकड बराच वेळ राहील.